मुक्तमार्ग आणि पार्श्वभूमी

१

चित्रात, नाटकात, कथा-कादंबरीत जे मागे उभे केले जाते त्याला आपण ‘पार्श्वभूमी’ म्हणतो आणि त्याविषयी फारसे बोलत नाही. समीक्षक पात्रांविषयी लिहितो, कथानकाविषयी लिहितो. मागचा महारवाडा, मागची चाळ, मागचा गिरणीचा भोंगा ही त्याला वातावरणनिर्मितीची साधने वाटतात. दलित साहित्याने मराठी वाङ्मयात जी उलथापालथ केली ती मुळात या मांडणीचीच होती. जे मागे होते ते पुढे येऊन बोलू लागले, आणि ते बोलू लागताच आधीपासून पुढे उभे असलेल्यांची उंची नव्याने मोजावी लागली. म्हणून पार्श्वभूमी हा शब्द आपण जपून वापरला पाहिजे. कोणाला मागे उभे केले, कोणी केले, आणि तसे करण्यासाठी आधी त्याला गप्प करावे लागले काय, हे विचारल्यावाचून कलाकृतीचे मूल्यमापन पुरे होत नाही.

हे प्रश्न येथे अशा एका कलाप्रकाराला विचारायचे आहेत, की ज्याची दखल आपल्या नियतकालिकाने घ्यावी असे सहसा कोणाला वाटणार नाही. तो म्हणजे जुन्या, जतन केलेल्या, हौसेने सजवलेल्या मोटारींचे छायाचित्रण. कॅलेंडरांतून, जाडजूड गुळगुळीत पुस्तकांतून आणि आता प्रत्येकाच्या हातातल्या पडद्यावरून ही छायाचित्रे आपल्यापुढे येतात. गाडी कोणाची हे त्यांत ठळक असते. गाडी जेथे उभी आहे ती जागा कोणाची, हे मात्र कोणी सांगत नाही. आणि ती जागा पुष्कळदा आपली असते. लालबाग, परळ, भायखळा, शिवडी, वडाळा.

मुंबईत जुन्या गाड्यांचे मेळावे दक्षिण टोकाला, हॉर्निमन सर्कलसारख्या ठिकाणी भरत आले आहेत. त्यामुळे त्यांची छायाचित्रेही दीर्घकाळ दगडी कमानी आणि साहेबी इमारतींच्या पुढ्यात काढली गेली. जुनी गाडी, जुना दगड. अर्थ सरळ होता. अलीकडे या रुचीत बदल झाला आहे. छायाचित्रकार आता सिमेंट-काँक्रीटच्या उड्डाणपुलांकडे आणि मुक्तमार्गांकडे वळला आहे. यामागचे कलात्मक कारण खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. काँक्रीटचा राखाडी रंग मुका असतो. त्याच्यापुढे क्रोमची पट्टी आणि पॉलिश केलेला तांबडा रंग बोलका होतो. पुलाचे वळण डोळ्याला ओढत गाडीपर्यंत आणते. पुलाखालच्या खांबांची ओळ एकामागे एक लहान होत जाते आणि चौकटीला खोली देते. पहाटेचा तिरपा उजेड, ओला डांबरी रस्ता, त्यात उलटे पडलेले गाडीचे प्रतिबिंब, आणि जमिनीलगत धरलेला कॅमेरा, की ज्यामुळे चार फूट उंचीची गाडी पुलाएवढी दिसते. हे सारे कसबाचे काम आहे. ते ज्याला जमते त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही.

प्रश्न कसबाचा नाही. या चित्राला एक गोष्ट लागते, ती म्हणजे रिकामा रस्ता. मुंबईत रस्ता रिकामा सापडत नाही. तो करावा लागतो.

२

ज्या काँक्रीटला हा छायाचित्रकार ‘शुद्ध आकार’ म्हणतो, त्याचा इतिहास थोडक्यात पाहू. क्रॉफर्ड मार्केटपासून जे. जे. रुग्णालयापर्यंत, महंमद अली रोडच्या डोक्यावरून जाणारा उड्डाणपूल २००२ सालचा. लालबागचा सुमारे अडीच किलोमीटरचा पूल २०११ सालचा. पी. डि’मेलो रोडपासून गोदी, शिवडी, वडाळा यांच्या कडेने चेंबूरकडे जाणारा ईस्टर्न फ्रीवे २०१३ साली खुला झाला. मराठीत त्याला ‘पूर्व मुक्त मार्ग’ म्हणतात.

लालबागचा पूल ज्या रस्त्याच्या डोक्यावर उभा आहे, त्या रस्त्याचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना गिरणगाव वसले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर हा मुलूख पूर्वीचा राहिला नाही. त्याही आधीची एक गोष्ट आपण विसरता कामा नये. याच गिरण्यांच्या विणाई खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि ते बाटते असे सवर्ण कामगार मानीत. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या राजकारणापुढे उभा केला. ते स्वतः परळच्या बी. आय. टी. चाळीत वर्षानुवर्षे राहिले होते. दुरून ऐकलेले त्यांनी सांगितले नव्हते.

पुलावरून जाणाऱ्याला यातले काही दिसत नाही. पुलाची सोय तीच आहे. खालचा सिग्नल, बाजार, मिरची-मसाल्याची दुकाने, मिरवणुका आणि माणसे टाळून पलीकडे उतरता येणे, हे त्याचे काम, आणि वाहतुकीच्या दृष्टीने ते काम तो चोख करतो. पण छायाचित्रकार जेव्हा पुलावर गाडी उभी करतो तेव्हा पुलाची ही सोय नकळत चित्राची दृष्टी होऊन बसते. पूल जे टाळतो ते चित्रही टाळते. मागे धूसर दिसणारी गिरणीची चिमणी मग ‘टेक्स्चर’ होते. तिच्या सावलीत राबलेला माणूस चित्रात नसतो. आणि ज्याला विणाई खात्याच्या दारातूनच परत पाठवले होते, तो तर त्या नसण्यातही नसतो.

३

रिकाम्या रस्त्याची ही आवड निरागस नाही, हे समजण्यासाठी रस्ता म्हणजे आपल्या इतिहासात काय आहे ते आठवावे लागेल.

१९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनावर उतरला. मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि अट अशी की बैल मुलांनी हाकायचे, गाडीवान बाजूने पायी चालणार. पुढे १९२९ साली, विलायतेहून विद्या घेऊन आलेले आणि सरकारी समितीचे सभासद असलेले डॉ. आंबेडकर चाळीसगावला उतरले. टांगेवाल्याने त्यांचा टांगा हाकण्यास नकार दिला. महारवाड्यातील लोकांनी टांगा भाड्याने घेतला, पण हाकायला बसवला तो सराव नसलेला माणूस. पुलावर चाक अडखळले, बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी या दोन्ही हकिकती लिहिल्या आहेत. वाहन, पूल आणि माणूस यांचे असेही एक चित्र आपल्याकडे आहे. त्याचे छायाचित्र कोणी काढले नाही.

आणखी मागे जाऊ. त्रावणकोरात अस्पृश्यांना सार्वजनिक रस्त्यांवरून चालण्याची बंदी होती. १८९३ साली अय्यनकाळी यांनी बैलगाडी विकत घेतली, ती सजवली, बैलांच्या गळ्यात पितळी घुंगरू बांधले, आणि अस्पृश्याला वर्ज्य असलेला पोषाख घालून त्या गाडीतून ते बंदी असलेल्या रस्त्यावरून गेले. हौसेने सजवलेल्या वाहनाचा इतिहास लिहायचा असेल तर तो राजवाड्यांच्या मोटारखान्यातून सुरू करण्याचे कारण नाही. तो या बैलगाडीपासून सुरू करावा. येथे सजावट हा शौक नव्हता. तो रस्त्यावरचा दावा होता, आणि त्या दाव्यासाठी मार खाण्याची तयारी होती. आजही गावातून घोड्यावर बसून निघालेल्या दलित नवरदेवाला खाली ओढल्याच्या बातम्या येतात. वाहन सजवून रस्त्याच्या मधोमध जाणे ही या देशात अजून साधी गोष्ट झालेली नाही.

कोणी म्हणेल, आता कोणत्या रस्त्यावर कोणाची जात विचारतात? पाटी लावून विचारत नाहीत हे खरे. पण वांद्रे-वरळी सागरी सेतू, जे. जे. उड्डाणपूल, २०२४ सालचे अटल सेतू आणि किनारी रस्ता, या सर्वांवर दुचाकीला बंदी आहे. कारण सुरक्षिततेचे दिले जाते आणि ते खोटे आहे असे नाही. तरीही परिणाम हाच, की सामान्यांच्या पैशाने झालेल्या शहरातल्या सर्वांत देखण्या रस्त्यांवर, ज्याच्याजवळ चार चाके आहेत त्याचाच प्रवेश होतो. पायी चालणाऱ्याचा तर प्रश्नच नाही. रिकामेपणा आधी नियमाने तयार होतो आणि मग कॅमेरा त्याला सौंदर्य म्हणतो. हा क्रम लक्षात ठेवला पाहिजे.

४

आता गाडीकडे वळू. आपल्याकडच्या जुन्या मोटारींच्या कौतुकात संस्थानिकांना मोठे स्थान आहे. त्यांनी विलायतेतून चेसिस मागवले, त्यावर मनासारखी बॉडी बांधून घेतली, चांदीची कलाकुसर करवली, शिकारीसाठी बंदुकीची सोय करून घेतली. या गाड्यांबरोबर एक आख्यायिका नेहमी सांगितली जाते. अलवारच्या महाराजांचा लंडनमधल्या रोल्स-रॉईसच्या दुकानात अपमान झाला. त्यांनी सूड म्हणून गाड्या विकत घेतल्या आणि संस्थानात कचरा उचलायला लावल्या. कंपनीने क्षमा मागितली. कधी हाच किस्सा दुसऱ्या संस्थानिकाच्या नावावर जमा होतो. त्याला भरवशाचा पुरावा नाही. पण तो अभिमानाने सांगितला जातो आणि ऐकणारा टाळ्या देतो.

या टाळ्यांची समीक्षा कोणी केली आहे काय? किस्सा चालतो तो एका गृहीतावर. कचरा उचलणे हे इतके हीन काम आहे, की ते करणाऱ्याला जे वाहन मिळेल त्या वाहनाची अब्रू जाते. साहेबाने राजाला हलके लेखले, तर राजाने साहेबाच्या गाडीला भंग्याच्या हाती दिले आणि हिशेब मिटला. त्या गाडीच्या चाकावर बसलेल्या सफाई कामगाराला या गोष्टीत नाव नाही, तोंड नाही. तो अपमानाचे परिमाण म्हणून तेथे आहे. वसाहतवादाविरुद्धचा स्वाभिमान म्हणून जो प्रसंग मिरवला जातो, तो जातिव्यवस्थेच्या खांद्यावर उभा आहे. राष्ट्रीय अस्मितेच्या पुष्कळशा गोष्टी अशाच उभ्या असतात. ही एक त्यातल्या त्यात चकचकीत.

मुंबईच्या मोटारीचा इतिहास मात्र राजांचा नाही, तो कामगारांचा आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढला आणि तेथे शेव्हरोलेट गाड्यांची जुळणी होऊ लागली. १९५४ साली तो बंद झाला. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ सालची. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघाली, जिला १९७४ साली ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. आज मुक्तमार्गावर शिवडीच्या बाजूला एखादी जुनी शेव्हरोले उभी करून तिचे छायाचित्र काढले, तर कदाचित ती आपल्या माहेरीच उभी असेल. पण ते चित्र पाहून हे कोणाला कळणार नाही, कारण चित्राला कारखाना नको आहे. त्याला वळण हवे आहे.

पद्मिनीची कथा याहून बोलकी आहे. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने या शहराला अर्धशतकाच्या आसपास वाहिले. आमच्या माहितीत मुंबईतील हीच खरी सजवलेली गाडी. छताला रंगीत फुलांचे कापड, आरशाला लोंबणारा गोंडा, डॅशबोर्डवर देव किंवा दर्गा, काचेवर मुलांची नावे. मालकाच्या ऐपतीत बसणारी आणि प्रवाशासमोर मांडलेली ही कला होती. ‘गोलपिठा’ (१९७२) लिहिणारे नामदेव ढसाळ एके काळी टॅक्सी चालवत होते, हे येथे आठवावे. शहर गाडीतून पाहण्याची एक दृष्टी अशीही असते, की जी पूल टाळत नाही आणि खालची वस्तीही टाळत नाही.

या टॅक्सीचे पुढे काय झाले? टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ची. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. दुसरीकडे, २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. तिला वेगळी नोंदणी मिळते. मात्र तिचा धंद्यासाठी वापर करता येत नाही. म्हणजे तीच पद्मिनी, एक टॅक्सीवाल्याची आणि एक बंगल्याच्या गॅरेजमधली. पहिली विसाव्या वर्षी भंगार होते, दुसरी पन्नासाव्या वर्षी वारसा होते. धुराचा आणि सुरक्षिततेचा मुद्दा आम्ही नाकारत नाही; रोज फेऱ्या करणारी गाडी आणि रविवारी निघणारी गाडी यांत फरक आहे. पण वारशाची व्याख्या करताना जे राबले ते वगळायचे आणि जे राबले नाही ते जपायचे, ही रीत आपल्याला नवी नाही. माणसांच्या बाबतीतही ती पाळली गेली आहे.

५

मग काँक्रीटच्या पुलाखाली सजवलेली गाडी उभी करून काढलेले चित्र वेगळे असूच शकत नाही काय? असू शकते. त्याचे उदाहरण या छंदाच्या माहेरघरी, कॅलिफोर्नियातच आहे. तेथील मुक्तमार्गांना १९७१ साली रेनर बॅनहॅम या वास्तुसमीक्षकाने लॉस एंजेलिसवरील पुस्तकात संस्कृतीचा दर्जा दिला. पण हे मुक्तमार्ग कोणाच्या घरांवरून गेले? सान डिएगो शहरातील बॅरिओ लोगन या मेक्सिकन-अमेरिकन वस्तीला आधी महामार्गाने चिरले, आणि १९६९ साली कोरोनाडो पुलाचे खांब तिच्या मधोमध उभे राहिले. पुलाखाली बाग देण्याचे आश्वासन होते. प्रत्यक्षात महामार्ग पोलिसांचे ठाणे बांधायला घेतले. २२ एप्रिल १९७० रोजी वस्तीतील लोकांनी ती जागा ताब्यात घेतली आणि सोडली नाही. तेथे चिकानो पार्क झाले. १९७३ पासून त्याच खांबांवर लोकांनी आपला इतिहास रंगवला. २०१६ साली त्या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

दर वर्षी एप्रिलमध्ये या खांबांखाली ‘लोरायडर’ गाड्या जमतात. जुन्या शेव्हरोले, जमिनीला टेकतील इतक्या खाली आणलेल्या, चित्रांनी रंगवलेल्या. मेक्सिकन कामगारांच्या पोरांनी ही कला घडवली. १९५८ साली कॅलिफोर्नियाने गाडी फार खाली आणण्यावर कायद्याने बंदी घातली, तेव्हा त्यांनी तेलाच्या दाबावर चालणारे पंप बसवून गाडी हवी तेव्हा वर, हवी तेव्हा खाली करण्याची युक्ती काढली. या गाड्यांनी रस्त्यावरून रमतगमत फिरण्यावर गावोगावी असलेले निर्बंध राज्यभर उठायला २०२४ साल उजाडले. आता या गाडीचे या खांबापुढे काढलेले छायाचित्र पाहा. तंत्र तेच, वळण तेच, क्रोम तेच. पण खांब बोलतो. तो सांगतो की मी कोणाच्या घरावर उभा राहिलो, आणि ज्यांचे घर होते त्यांनी मला कसा आपला केला. १९७२ साली येथे पँथर उभी राहिली तेव्हा आपण अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याकडे पाहिले होते. त्याच देशातील ही दुसरी गोष्टही आपल्याला परकी वाटू नये.

आपल्याकडेही दुसरी वाट दाखवणारे छायाचित्रकार आहेत. रघुबीर सिंग यांच्या ‘अ वे इन्टू इंडिया’ (२००२) या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात अॅम्बेसेडर गाडी सतत आहे, पण पूजेची वस्तू म्हणून नाही. तिचा दरवाजा, काच, आरसा यांच्या चौकटीतून रस्ता, माणसे, जनावरे आत घुसतात. गाडी मागे सरते, जग पुढे येते. पार्श्वभूमीचा अहंकार असा मोडता येतो. आणि सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर जे काम केले, त्यात तर रस्ता खालून दिसतो. गटारातून, कचऱ्याच्या गाडीतून, हाताने घाण उपसणाऱ्याच्या नजरेच्या पातळीवरून. जमिनीलगत कॅमेरा मोटारीचा छायाचित्रकारही धरतो. एकाच्या हाती त्यामुळे गाडी मोठी होते, दुसऱ्याच्या हाती माणूस.

६

कलावादी मंडळी येथे म्हणतील, की प्रत्येक चित्राने समाजशास्त्र सांगावे हा आग्रह कलेला मारक आहे. असा आग्रह आमचा नाही. एखाद्याला जुनी गाडी आवडली, तिचे वळण पुलाच्या वळणाशी जुळलेले आवडले, तर तो आनंद त्याने जरूर घ्यावा. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या चित्राला सुंदर होण्यासाठी माणसे पुसावी लागतात, ते चित्र आपल्या साधनांनी अपुरे आहे. ते कमी नैतिक आहे असे नव्हे. ते कमी पाहते. पाहणे हेच ज्या कलेचे काम, तिच्यात कमी पाहणे हा दोष कलेचाच दोष आहे.

पहाटेच्या त्या रिकाम्या रस्त्यावर खरे म्हणजे कोणीतरी असतो. रस्ता स्वच्छ दिसतो कारण तो कोणी तरी झाडलेला असतो. अलवारच्या आख्यायिकेत झाडू हे अपमानाचे चिन्ह म्हणून येते. रविवारच्या छायाचित्रात ते चौकटीच्या बाहेर ठेवले जाते. दोन्हीकडे झाडणाऱ्याला तोंड नाही. ज्या दिवशी एखादा छायाचित्रकार त्या पुलावर गाडी उभी करील आणि झाडणाऱ्या बाईला ‘जरा बाजूला व्हा’ म्हणणार नाही, तिला विचारून, तिचे नाव लिहून, तिला तिच्या उंचीने चौकटीत घेईल, त्या दिवशी या कलाप्रकाराची खरी सुरुवात होईल. काँक्रीटचा राखाडी रंग तेव्हाही तसाच राहील आणि क्रोमही चमकेल. कसबाला त्याने काही तोटा नाही.

आणि रिकाम्या रस्त्याचे सौंदर्य ज्याला फार वाटते त्याने ६ डिसेंबरला दादरला यावे. स्टेशनापासून चैत्यभूमीपर्यंत रस्ता नावाची वस्तू दिसत नाही, माणसेच दिसतात. पायी आलेली, रांगेत उभी, खांद्यावर मूल आणि पिशवीत पुस्तके घेतलेली. या शहरात ज्यांना वाहन मिळत नव्हते, ज्यांचे वाहन कोणी हाकत नव्हते, ते रस्ता कसा भरतात, हे तेथे पाहायला मिळते. ३१ मे १९३६ रोजी याच दादर-नायगाव भागात बाबासाहेबांनी ‘मुक्ती कोन पथे?’ हा प्रश्न आपल्या लोकांपुढे ठेवला होता. शहराने आता एका रस्त्याला मुक्त मार्ग हे नाव देऊन टाकले आहे. त्या नावाला अर्थ यायचा असेल तर त्या रस्त्याच्या चित्रात तो प्रश्न विचारणाऱ्यांना जागा असली पाहिजे. पुढे, आणि तोंड दिसेल अशी.